कोकणातल्या घरातून युद्धकादंबरी कशी लिहावी

पहिल्यांदा युद्धकादंबरी लिहायला घेणारा बहुतेकदा खंदकापासून सुरुवात करतो. चिखल, तोफा, शेजारी कोसळलेला मित्र, त्याच्या खिशातला फोटो. पन्नास पानांत दम संपतो. यातलं काहीच त्यानं पाहिलेलं नसतं आणि जे त्यानं वाचलंय ते वाचकानंही वाचलेलं असतं. कोकणातल्या माणसाला याहून जवळची वाट आहे. इथल्या घरांत लढाई आली ती पोस्टमनच्या पिशवीतून, आगबोटीतून, रेशनच्या दुकानातून, आणि दर वेळी उशिरा आली. तो उशीर किती दिवसांचा, हे वहीत मांडता आलं की कादंबरीचा सांगाडा उभा राहतो. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्या उशिराभोवतीच फिरतात.

लढाई एक, घर एक

‘युद्ध’ या विषयावर कादंबरी लिहिता येत नाही. एका घरातून एक माणूस गेला, त्यावर येते. म्हणून आधी लढाई निवडा. कोकणापुरतं बोलायचं तर निवडीला भरपूर वाव आहे.

पहिल्या महायुद्धात सहाव्या पुणे डिव्हिजनमधल्या १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, गेल्या आणि तुर्कांनी घातलेल्या कूटच्या वेढ्यात सापडल्या. दुसऱ्या महायुद्धात माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत पडले. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, पण कबर नाही. नाव तिथल्याच कॅसिनो गावच्या स्मारकावर आहे. त्याच वर्षी १४ एप्रिलला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ बोटीचा स्फोट झाला. फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईतल्या ‘तलवार’ या नाविक तळावर नौसैनिकांचा उठाव झाला. डिसेंबर १९६१ मध्ये गोवामुक्तीच्या वेळी फौजा दोडामार्गाकडून आत गेल्या. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळ ‘खुकरी’ ही युद्धनौका बुडाली आणि तिच्याबरोबर १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले.

रणांगणावर माणूस न पाठवताही कादंबरी होते. मार्च १९४२ मध्ये रंगून पडलं आणि ब्रह्मदेशाचा तांदूळ यायचा बंद झाला. स्वतःचं भात वर्षभर न पुरणाऱ्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या घराला एवढं पुरेसं आहे. आणि थिबा राजाला विसरू नका. १८८५ ची लढाई हरलेला हा ब्रह्मी राजा १८८६ पासून १९१६ मध्ये मरेपर्यंत रत्नागिरीत नजरकैदेत होता. त्याच्या वाड्यावर पाणी भरणाऱ्या माणसाच्या नजरेतून कादंबरी लिहायला कुणाची हरकत आहे?

लढाई ठरली की घर ठरवा. इथे नवखे लोक एक गोष्ट गुळगुळीत करून टाकतात: घराची जात. पलटणीत कोण जाऊ शकतं, हे त्यावर ठरत होतं. दापोलीच्या कॅम्पात पेन्शनर महार सैनिकांची वस्ती होती. मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याचे सुभेदार रामजी सकपाळ, म्हणजे बाबासाहेबांचे वडील, निवृत्तीनंतर काही काळ तिथेच होते. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला महारांची भरती बंद झाली, १९१७ मध्ये लढाईची गरज म्हणून १११ महार पलटण उभी राहिली आणि १९२१ मध्ये ती मोडली. महार रेजिमेंट आली ती ऑक्टोबर १९४१ मध्ये. एकाच वाडीतल्या आजोबा, बाप आणि नातू यांना फौजेनं तीन वेगवेगळी उत्तरं दिली. या एका तपशिलात तीन पिढ्यांची कादंबरी आहे.

निवड जमली की नाही, याची चाचणी साधी आहे. कोण गेलं, किती पगारावर गेलं, कुठल्या महिन्यात गेलं आणि मागे शेतात कोण राहिलं, ही चार उत्तरं एका दमात देता आली पाहिजेत. एकही अडलं तर पुढे जाऊ नका.

तीन रकान्यांची वही

दोनशे पानी लांब वही घ्या. पानावर तीन रकाने पाडा: ‘तिकडे’, ‘इकडे’, ‘कळलं कधी’. कादंबरी जितका काळ व्यापते तितक्या महिन्यांना प्रत्येकी एक पान. अठरा महिन्यांच्या कथेला अठरा पानं. जास्त नको, तीन वर्षांपुढे गेलं की पहिल्या कादंबरीला ते पेलत नाही.

कूटचं उदाहरण घ्या. ‘तिकडे’च्या रकान्यात: ७ डिसेंबर १९१५ ला वेढा पडला, १४४ दिवसांनी, २९ एप्रिल १९१६ ला शरणागती. भाजीपाला संपला, हिरड्यांतून रक्त आणणारी स्कर्व्ही पसरली. घोडे कापून खायची वेळ आली, तेव्हा बहुतेक हिंदी शिपायांनी सुरुवातीला ते मांस नाकारलं. तेरा हजारांच्या आसपास माणसं कैद झाली. त्यांना उत्तरेकडे चालवत नेलं, अनेकांना रेल्वेच्या कामावर जुंपलं.

‘इकडे’च्या रकान्यात: डिसेंबरात भात झोडून कणगीत पडलंय. कुळीथ, वाल पेरलेत. मार्चात शिमगा, पालखी दारात. एप्रिलच्या शेवटी चैत्र सरत आलेला, राब भाजून झालेत, घर शाकारायचं बाकी, पावसाळ्याची बेगमी सुरू. जून लागला की मुंबईची आगबोट बंद. नारळी पौर्णिमा होईपर्यंत समुद्राकडून काहीही येणार नाही. टपाल घाटातून येत राहतं, पण नद्या भरल्या की तेही रखडतं.

तिसरा रकाना भरताना हात थबकतो, आणि थबकलाच पाहिजे. शरणागतीची बातमी मुंबईच्या वर्तमानपत्रांत आली. आपला माणूस जिवंत कैदी आहे की वेढ्यातच गेला, हे मात्र घराला कळायला महिने लागले. म्हणजे मृगाच्या पेरणीला, आषाढातल्या लावणीला, गणपतीत त्याची आई जे काही करत असेल ते ‘माहीत नसताना’ करत असेल. वाचकाला माहीत, तिला नाही. तुमची निम्मी कादंबरी या फटीत आहे.

गोदीच्या स्फोटाची फट आणखी विचित्र. हादरा शिमल्याच्या भूकंपमापकानं नोंदवला. जपानच्या हातातल्या सायगॉन रेडिओनं दुसऱ्या दिवशी बातमी दिली. पण इथल्या सेन्सॉरनं वार्ताहरांना सविस्तर बातम्या पाठवू दिल्या त्या मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात. मधल्या चार आठवड्यांत गावाला जे कळलं ते आगबोटीनं परतलेल्या चाकरमान्यांच्या तोंडून. प्रत्येकाची हकिगत वेगळी. कुणी म्हणे जपानी आले, कुणी म्हणे आकाशातून सोनं पडलं. दुसरी अफवा खरी निघते: बोटीवर सोन्याच्या विटा होत्या आणि त्या खरोखरच उडाल्या होत्या.

तारखा इंग्रजी कॅलेंडरवर ठेवून चालणार नाही. पात्रं तिथीनं आणि नक्षत्रानं बोलतात. त्या वर्षाचं पंचांग मिळवा. १९१६ च्या गुढीपाडव्यापासून शके १८३८. अमावास्या-पौर्णिमा कळल्या की उधाणही कळतं, आणि पडाव किनाऱ्याला लागू शकेल की नाही, तेही.

पैशाचा हिशेब

युद्धकादंबरीत रक्तापेक्षा जमाखर्च लवकर पटतो. १९१४ मध्ये शिपायाचा पगार महिन्याला ११ रुपये होता. त्यातला काही भाग घरी येई. रुपयाचे सोळा आणे, आण्याच्या बारा पै. नवे पैसे १ एप्रिल १९५७ पासून. घरातल्या पाच-सहा खाणाऱ्या तोंडांची यादी करा, खोताचं, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या वतनदाराचं, देणं मांडा, वाण्याची उधारी मांडा आणि मनीऑर्डर एक महिना आली नाही तर पहिलं काय थांबतं ते ठरवा. गूळ? रॉकेल? मुलाची शाळा? जे थांबतं तो तुमचा प्रसंग.

मनीऑर्डर येण्याचा प्रसंग कुठल्याही कोकणी युद्धकादंबरीत एकदा तरी येतोच. म्हणून तो जवळून पाहा. पोस्टमन पडवीत बसतो. पाणी मागतो. पिशवीतून फॉर्म काढतो. घेणारीला सही येत नाही, म्हणून शाईची डबी उघडतो, तिचा डावा अंगठा धरून टेकवतो आणि साक्षीला कुणाला तरी हाक मारतो. मग नोटा-नाणी मोजून तिच्या हातावर ठेवतो. फॉर्मच्या तळाशी एक कुपन असतं, दोन-चार ओळी मजकुरापुरतं. ते फाडून तिला देतो. पैसे संध्याकाळपर्यंत वाण्याकडे जातात, कुपन फडताळात राहतं. ते वाचून कोण दाखवतं, वाचणारा काय गाळतो, आणि अंगठ्याची शाई तिनं कशाला पुसली, हे तुमचं काम. साक्षीदार दर वेळी तोच शेजारी असेल तर सगळ्या वाडीला रक्कम ठाऊक आहे, हे विसरू नका.

कागद कुठे सापडतात

गावातून सुरुवात करा. बऱ्याच गावांत चावडीत, देवळात किंवा शाळेच्या भिंतीत संगमरवराची छोटी पाटी असते. त्या गावातून महायुद्धाला इतके लोक गेले, पैकी इतके मेले, एवढाच मजकूर. नाव एकही नाही. पाटीवर चुना चढलेला असतो, ओल्या फडक्यानं पुसा, खरवडू नका.

मग तहसील कचेरी. जुने फेरफार मागा. लढाईत मेलेल्या माणसाच्या जमिनीवर वारस नोंद होते, तिची तारीख आणि मृत्यूची तारीख यांतलं अंतर तिसऱ्या रकान्यात थेट उतरवता येतं. अर्ज करताना गाव, सर्व्हे नंबर आणि अंदाजे साल लिहा. नुसतं ‘आजोबांची माहिती हवी’ म्हटलं की कारकून हात वर करतो.

रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ चं आहे. जुनी पुस्तकं तिथे पाहा, आणि १८८० चं रत्नागिरी-सावंतवाडीचं गॅझेटिअर शोधा. पिकं, बंदरं, बाजारभाव, वाटा, सगळं त्यात आहे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या सैनिकांसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करावी.

मेलेल्यांची नावं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर शोधता येतात. नावानं शोधाल तर फसाल, कारण एकाच आडनावाची रोमन स्पेलिंगं पाच तऱ्हेची. त्यापेक्षा अधिक माहितीच्या रकान्यात गावाचं आणि जुन्या जिल्ह्याचं नाव टाका. रायगड टाकून काही मिळणार नाही. १९८१ पर्यंत तो कुलाबा होता. सिंधुदुर्गही त्याच वर्षी झाला, त्याआधी रत्नागिरी किंवा सावंतवाडी संस्थान. बसऱ्याच्या स्मारकावर बहुसंख्य हिंदी शिपायांची नावं कोरलेलीच नाहीत, रेजिमेंट आणि आकडा आहे. गावातल्या पाटीसारखंच.

कुणी घरातलं पत्र दाखवलं तर आधी विचारून मगच उतरवून घ्या, आणि कादंबरीत नाव, गाव दोन्ही बदला. पत्र वाचताना एक ध्यानात ठेवा: ते बहुतेकदा शिपायानं स्वतः लिहिलेलं नसतं. सांगणारा एक, लिहिणारा दुसरा, मध्ये सेन्सॉर, आणि घरी वाचून दाखवणारा चौथा. ‘आम्ही येथे खुशाल आहोत’ या वाक्यावर चार माणसांचे हात फिरलेले असतात.

बेपत्ता माणूस

मृत्यूपेक्षा बेपत्ता असणं कादंबरीला जास्त उपयोगी पडतं, आणि त्यातच सगळ्यात जास्त चुका होतात. तार आली, आईनं हंबरडा फोडला, प्रकरण संपलं, असं लिहिलं की पुढे लिहायला काही उरत नाही. बेपत्ता माणसाच्या घरात रोज निर्णय घ्यावा लागतो. बायकोनं कुंकू लावायचं की नाही? हळदीकुंकवाला तिला बोलवायचं की नाही? दिराचं लग्न काढायचं का? गणपतीत त्याच्या नावानं काय करायचं?

इथे दोन घड्याळं चालू असतात. १८७२ च्या, २०२४ पर्यंत लागू असलेल्या पुराव्याच्या कायद्यातलं कलम १०८ सांगायचं की ज्याची खबर असायला हवी त्यांना सात वर्षं काही कळलं नाही, तर तो जिवंत आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी तसं म्हणणाऱ्यावर पडते. रूढी मात्र बारा वर्षं थांबायला सांगते; मग पळसाच्या काड्यांचा पुतळा करून पालाशविधी, म्हणजे देहाविना अंत्यसंस्कार. सात आणि बाराच्या मधल्या पाच वर्षांत ती बाई कचेरीत विधवा असू शकते आणि घरात सवाष्ण. दिराला जमीन नावावर हवी असेल तर तो सात मोजेल. सासूला मुलगा हवा असेल तर ती बारा. दोघांपैकी कुणालाही खलनायक करू नका. दोघंही बरोबर मोजतायत.

बोली किती, प्रमाण किती

निवेदन प्रमाण मराठीत, संवाद बोलीत, ही वाट नवख्याला सोपी. पण बोली कुठली ते नकाशावर बोट ठेवून ठरवा. बाणकोटच्या माणसाच्या तोंडी मालवणी घातलीत तर पहिल्याच पानावर पुस्तक मिटलं जाईल. संगमेश्वरी वेगळी, मालवणी वेगळी. कंसात अर्थ देत बसू नका. संवाद छोटा ठेवा, अर्थ आपोआप कळतो:

“पोस्टमन इलो?”
“इलो.”
“मगे?”
“फुडे गेलो.”

या चार ओळींत एक महिना संपला. यापुढे ‘तिच्या काळजात धस्स झालं’ असं जोडायचा मोह होतो. जोडू नका. तिला भात वेळायला आत पाठवा.

शब्दांचा काळही सांभाळा. १९१६ मध्ये कुणी ‘पहिलं महायुद्ध’ म्हणत नव्हतं, दुसरं कुठे झालं होतं? पात्रांच्या तोंडी ‘लढाई’, ‘जर्मनची लढाई’, ‘बसऱ्याला गेलाय’ येऊ द्या. हुद्देही तसेच. शिपाई, नाईक, हवालदार, जमादार, सुभेदार हा क्रम. जमादाराचा नायब सुभेदार झाला १९६५ मध्ये. नौदलाचे हुद्दे निराळे, ते इथे मिसळू नका. खलाशी आणि नौसैनिक हेही एक नव्हेत: व्यापारी बोटीवरच्या खलाशाला टॉर्पेडो लागतो, पण पदक क्वचितच मिळतं.

प्रत्यक्ष लिखाण

चाळीस ते पन्नास हजार शब्द पुरे. छापील दोनशे पानांच्या आत-बाहेर बसतं. वीस प्रकरणं, प्रत्येकी दोन ते अडीच हजार शब्द. रोज तीनशे शब्द म्हटले तर साडेपाच महिने. पावसाळ्यात बसलात तर दिवाळीच्या पुढेमागे कच्चा खर्डा हातात येतो. सहापेक्षा जास्त मुख्य पात्रं नकोत.

पहिली तीन प्रकरणं गावातच ठेवा. माणूस जाण्याआधी त्या घरात त्याची जागा कोणती होती, कुठली कामं फक्त तोच करायचा, हे वाचकाला कळलं नसेल तर त्याच्या जाण्यानं काही हलत नाही. शाकारणीला वर कोण चढायचं? बैल कुणाच्या हाकेला वळायचा? ही कामं नंतर एकेक करून दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर पडतात, आणि जिच्यावर पडतात तिचा आवाज हळूहळू घरात वाढत जातो.

रणांगण दाखवायचंच असेल तर एकूण शब्दांच्या पाचव्या भागापेक्षा जास्त नको, आणि जे घरात कधीच कळणार नाही तेवढंच दाखवा. विश्राम बेडेकरांची १९३९ ची ‘रणांगण’ बहुतांश युरोपातून परतणाऱ्या बोटीवर घडते; आघाडीवर ती जातच नाही. नाव मात्र ‘रणांगण’.

हमखास होणाऱ्या चुका

कोकण रेल्वे १९९८ ची. तरी दुसऱ्या महायुद्धातला जवान रत्नागिरीला गाडीतून उतरताना हस्तलिखितांत दिसतो. एसटी धावू लागली १९४८ मध्ये, त्याआधी घरी यायचं म्हणजे बहुतेकदा आगबोट, पडाव, तरीची होडी आणि मग पायपीट. जुलैत आगबोटीनं मुंबईला जाणारं पात्र ही दुसरी नेहमीची चूक; तेव्हा बोट बंद. खोतीही काळाशी जुळवा: निर्मूलनाचा कायदा १९४९ चा, त्याआधीच्या कथेत कुळाला खोत असतो.

माणूस परत येतो त्या प्रकरणात घाई होते. मिठी, अश्रू, समाप्त. खरं तर तिथून आणखी चार-पाच प्रकरणं निघतात. त्याला घोड्याचं मांस खाल्ल्याचं सांगायचंय आणि सांगता येत नाही. घरातले हिशेब आता बायको ठेवते आणि वही परत द्यायला तिचा हात होत नाही. धाकटा मुलगा त्याला ओळखत नाही. ही प्रकरणं टाळून शेवट गाठलात तर कादंबरी अर्धी राहते.

आणि शत्रू. तुर्काला, जर्मनाला, पोर्तुगीजाला, पाकिस्तान्याला दात विचकायला लावू नका. गोवामुक्तीच्या कथेत तर मुळीच नाही. बांदा-सातार्ड्यापासून पलीकडे अनेकांच्या सोयरिकी होत्या, सीमा बंद झाली तेव्हा लग्नं अडली. सोयरा आणि परका एकाच घरात बसतो तिथे लिहायला खूप आहे.

खर्डा झाल्यावर

महिनाभर हात लावू नका. मग तीन वाचक गाठा: एक माजी सैनिक, एक पंच्याहत्तरीपुढची बाई आणि एक असा तरुण ज्याला यातलं काहीच माहीत नाही. सैनिकाला हुद्दे, सुट्टी आणि पत्रांचे प्रसंग वाचायला द्या. म्हाताऱ्या बाईला वाचून दाखवा, तिच्या हातात बाड देऊ नका. ती मध्येच “असा नाय करीत” म्हणाली की थांबा, पेन्सिलनं समासात खूण करा, आणि मग कसं करतात ते विचारा. तरुण ज्या पानावर मोबाईल उचलतो त्या पानाचा आकडा लिहून ठेवा. बहुतेकदा ते पान रणांगणाचं असतं.

खुणा केलेली पानं घेऊन पुन्हा तीन रकान्यांच्या वहीकडे जा आणि तिसरा रकाना पहिल्यापासून तपासा. जिथे पात्राला एखादी गोष्ट त्याला कळण्याच्या आधीच ठाऊक आहे, तो परिच्छेद काढून टाका.